एका रात्रीच्या आकड्यावरून खाटा ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आतल्या पानावर एक छोटी चौकट होती. ‘बेघरांची संख्या घटली’ असा मथळा. यंदाच्या रात्रीच्या मोजणीत रस्त्यावर झोपणारे कमी आढळले, त्यामुळे तात्पुरत्या निवाऱ्यातल्या खाटा कमी करण्याचा विचार सुरू आहे, असा मजकूर. आकडा खोटा नाही. पण त्या आकड्यावरून खाटा ठरवणे चूक आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते मी घरबसल्या बनवलेले नाही. ज्या मोजणीची ती बातमी होती, तिच्यात मी होते. गेली नऊ वर्षे दर मोजणीला असते. शिवाय दर गुरुवारी रात्री मी एका निवाऱ्याच्या दाराशी नोंदवही घेऊन बसते. त्याआधी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे, विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

मोजणी कशी होते ते आधी सांगते. एक रात्र ठरते. दोघा-दोघांच्या जोड्या पाडतात. प्रत्येक जोडीला नकाशाचा एक तुकडा, एक टॉर्च, पॅडला लावलेला फॉर्म. मध्यरात्रीनंतर निघायचे आणि उजाडायच्या आत परतायचे. झोपलेल्याला उठवायचे नाही, टॉर्च तोंडावर मारायचा नाही, जिथे जायला भीती वाटेल तिथे जायचे नाही. आणि कोणाला मोजायचे याचा नियम पक्का: जो अंथरुणात आहे, अंथरुणावर बसला आहे किंवा अंथरुणाशेजारी उभा आहे, म्हणजे झोपला आहे किंवा झोपण्याच्या बेतात आहे, तो मोजायचा. इंग्लंडमध्ये सरकारी मोजणीची व्याख्या जवळजवळ याच शब्दांत आहे. नियम असा घट्ट असण्याला कारण आहे. तो सैल ठेवला तर शेवटच्या बसची वाट पाहणारा माणूसही कोणीतरी बेघरांत धरेल आणि एका जोडीची मोजणी दुसरीशी जुळणार नाही. हे मला पटते.

यंदा पहाटे तीनच्या सुमारास आम्हाला एक बाई भेटली. पन्नाशीची असेल. एक पिशवी खांद्याला, एक हातात. हातातल्या पिशवीचा बंद तुटलेला होता, त्याला सुतळीची गाठ मारली होती. पायात बंद बूट, आणि दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने इतक्या झिजलेल्या की पाऊल टाकताना घोटा बाहेर कलायचा. चाल मात्र कामाला निघालेल्या माणसासारखी, भरभर. मी विचारले, “ताई, रात्री कुठे झोपता?” थांबली नाही, मीच तिच्याबरोबर चालू लागले. म्हणाली, “झोपत नाही. चालते. बसलं की माणसं येतात.” मग थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितले, की दिवसा वाचनालयात पुस्तक समोर उघडून ठेवते, मान ताठ ठेवून डोळा लागू देते. मान पडली की उठवतात.

माझ्याबरोबर कॉलेजातला एक मुलगा होता. मी फॉर्म पुढे घेतला तसा तो हळूच म्हणाला, “मॅडम, नियमात बसत नाहीत त्या.” त्याचे बरोबर होते. तिच्याजवळ अंथरूण नव्हते. ती झोपलेली नव्हती, झोपण्याच्या बेतातही नव्हती. ती रात्रभर झोपणारच नव्हती, हीच तर तिची स्थिती होती. मी फॉर्मच्या समासात लिहिले, ‘एक स्त्री, चालत होती.’ समासातले बेरजेत धरत नाहीत. आपण छापलेल्या आकड्यात ती बाई नाही.

ती एकटी असती तर मी हे पत्र लिहिले नसते. बायका रस्त्यावर दिसतील अशा झोपतच नाहीत. झोपल्याच तर कुठे आडोशाला, आणि मोजणाऱ्यांना जिथे जायला मनाई असते नेमक्या तिथे. एरवी त्या रात्रभर चालू असलेल्या बसमध्ये बसतात, दवाखान्याच्या बाकड्यावर कोणाची तरी नातेवाईक असल्यासारख्या बसतात, किंवा ज्या घरात राहू नये अशा घरात राहतात, कारण बाहेर त्याहून वाईट. त्यामुळे दर मोजणीत बायकांचा आकडा लहान येतो, त्या आकड्यावरून बायकांसाठी खाटाही थोड्याच ठेवतात, आणि मग बायका येत नाहीत म्हणून त्याही कमी करतात.

मथळ्याबद्दल एक तक्रार इथेच करते, रागावू नये. मोजले होते उघड्यावर झोपणारे. मथळ्यात झाले ‘बेघर’. या दोन गोष्टी एक नाहीत. उघड्यावर झोपणारा हा बेघरांतला सगळ्यात दिसणारा आणि संख्येने बहुधा सगळ्यात छोटा भाग असतो. युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या ‘फेआन्त्सा’ या महासंघाने २००५ मध्ये एक वर्गवारी केली, तिच्यात चार पायऱ्या आहेत: डोक्यावर छप्परच नाही असे; छप्पर आहे पण ते निवाऱ्याचे किंवा वसतिगृहाचे, आपले घर नाही असे; घर आहे पण कधी काढतील त्याचा भरवसा नाही असे; आणि घर आहे पण माणसाने राहावे असे नाही. ऑस्ट्रेलिया आपल्या जनगणनेतून या अंगाने बराच तपशील काढते. तिथे २०२१ मध्ये १,२२,४९४ लोक बेघर धरले गेले, त्यांत तंबूत, तकलादू आडोशाला किंवा उघड्यावर असलेले ७,६३६. शंभरात सहा. बाकीचे चौऱ्याण्णव आमच्यासारख्या टॉर्चवाल्यांना कधीच दिसले नसते. ते कोणाच्या तरी सोफ्यावर होते, दाटीवाटीच्या खोल्यांत होते, निवाऱ्यात होते.

जपानचे उदाहरण तर माझ्या मनातून जात नाही. तिथे २००३ मध्ये पहिली देशव्यापी मोजणी झाली तेव्हा २५,२९६ लोक मिळाले. २०२४ मध्ये २,८२०. कोणालाही वाटावे, प्रश्न संपत आला. काही प्रमाणात तो खरोखरच कमी झाला आहे, त्याचे श्रेय द्यायला हवे. पण तिथली व्याख्या म्हणजे उद्याने, नदीकाठ, रस्ते, स्थानके अशा जागी राहणारे लोक. टोकियोच्या प्रशासनाने रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट कॅफेंची वेगळी पाहणी करून २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात एकट्या टोकियोत, एका रात्रीत, घर नाही म्हणून तिथे रात्र काढणारे सुमारे ४,००० निघाले. खुर्चीत बसल्या-बसल्या झोपलेली ही माणसे देशाच्या मोजणीत नव्हती.

आपल्या जनगणनेचेही तेच सांगता येईल. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीची एक रात्र बेघरांसाठी ठेवली होती. पदपथ, सिमेंटचे मोठे पाइप, उड्डाणपुलाखालच्या जागा, फलाट अशा ठिकाणी जाऊन नोंदी घेतल्या. देशभरात सुमारे १७.७३ लाख माणसे भरली. २००१ मध्ये ती १९.४३ लाख होती. म्हणजे घटली! पण आत डोकावले तर खेड्यांतली संख्या घटली होती आणि शहरांतली ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली होती. शहरातल्या निवाऱ्याचा निर्णय घेणाऱ्याने वरची बेरीज पाहिली असती तर उलटाच निर्णय घेतला असता.

बरे, जे नियमात बसतात ते तरी सगळे सापडतात का? न्यूयॉर्कमध्ये हे तपासून पाहिले गेले. २००५ च्या मोजणीच्या रात्री संशोधकांनी आपलीच माणसे रस्त्यावर राहणाऱ्यांसारखी ठिकठिकाणी बसवून ठेवली. मोजणाऱ्यांना ती कुठे आहेत हे माहीत नव्हते. सकाळी त्या माणसांना विचारले, तुमच्यापर्यंत कोणी आले का? सुमारे २९ टक्के ठिकाणांहून उत्तर आले, आम्हाला कोणी मोजलेच नाही. आणि ही माणसे सापडावीत अशाच जागी होती, लपलेली नव्हती. मला ही पद्धत फार आवडते. प्रामाणिक आहे. आपण किती चुकतो हे आधी मोजा आणि मग आकडा सांगा, असे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. आमच्या मोजणीत असे एकदा तरी करून पाहावे, असे मी दोन वर्षांपूर्वी लेखी सुचवले होते. उत्तर आले नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि ज्यासाठी मी पत्र लिहायला घेतले तो. एका रात्रीत रस्त्यावर किती माणसे आहेत हा एक प्रश्न. वर्षभरात किती माणसांवर रस्त्यावर झोपायची वेळ आली हा दुसरा प्रश्न. दोन्हींची उत्तरे वेगळी असतात आणि थोडीथोडकी वेगळी नसतात. लंडनमध्ये दोन्ही मोजतात, म्हणून तिथले सांगते. २०२३ च्या शरद ऋतूत एका रात्रीच्या मोजणीत लंडनमध्ये १,१३२ माणसे उघड्यावर झोपलेली आढळली. तिथे रस्त्यावर रोज फिरणारे कार्यकर्ते भेटलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ‘चेन’ नावाच्या एका सामाईक नोंदपटात करतात, एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये अशा बेताने. त्या नोंदपटात २०२३-२४ या वर्षात ११,९९३ वेगवेगळी माणसे होती. दहापट! यात कोणाची लबाडी नाही. बरीच माणसे एक-दोन रात्रीच रस्त्यावर असतात. घरमालकाने कुलूप लावले, घरात मारहाण झाली, दवाखान्यातून किंवा तुरुंगातून सोडले आणि जायला जागा नाही. एका रात्रीच्या जाळ्यात ती सापडत नाहीत. पण खाट मात्र त्यांना नेमकी त्याच एक-दोन रात्री हवी असते. ती वेळेवर मिळाली तर पुष्कळजण तिथूनच सावरतात. नाही मिळाली तर पहिल्या आठवड्यात सामान चोरीला जाते, कागदपत्रे जातात, कामावर आंघोळ न करता गेल्यामुळे काम जाते. मग तो माणूस वर्षानुवर्षे आमच्या मोजणीत सापडू लागतो.

करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये सरकारने स्थानिक संस्थांना सांगितले की रस्त्यावरच्या प्रत्येकाला आत घ्या. बंद पडलेली हॉटेले घेतली, प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिली. त्याआधीच्या शरद ऋतूतली एका रात्रीची मोजणी होती ४,२६६. जानेवारी २०२१ पर्यंत या सोयीचा लाभ घेतलेली माणसे ३७,००० भरली. त्यात रस्त्यावर येण्याच्या बेतात असलेलेही होते आणि हा आकडा काही महिन्यांचा आहे, हे सांगायला हवे. तरीही ४,२६६ च्या हिशेबाने खोल्या घेतल्या असत्या तर काय झाले असते? आणि पुढे पाहा. २०२० च्या शरद ऋतूत मोजणीचा आकडा २,६८८ वर आला, २०२१ मध्ये २,४४३ वर. घटला तो माणसे आत होती म्हणून. मग ती सोय आटोपत गेली. भाडी वाढली, इतरही कारणे होती. २०२२ मध्ये ३,०६९, २०२३ मध्ये ३,८९८, २०२४ मध्ये ४,६६७. जिथून सुरुवात केली होती त्याच्याही वर.

आपल्या बातमीतली घट मला याच्याच शेजारी ठेवून पाहावीशी वाटते. गेल्या दोन हंगामांत निवाऱ्यात जादा खाटा टाकल्या होत्या. त्या भरलेल्या असायच्या. त्यांत झोपलेली माणसे साहजिकच रस्त्यावर मोजली गेली नाहीत. आता त्याच घटीचा आधार घेऊन त्याच खाटा काढायच्या! औषधाने ताप उतरला की ताप उतरला म्हणून औषध बंद करावे आणि पुन्हा चढला की आश्चर्य करावे, तशी ही गत आहे.

“पण खाटा कधी कधी रिकाम्या राहतात त्याचे काय?” असे मला एका बैठकीत विचारले गेले. राहतात. मी दाराशी बसते, मला माहीत आहे. पण का राहतात ते कोणी विचारत नाही. नवरा-बायको आले तर त्यांना वेगळे करावे लागते, पुरुषांची खोली एका इमारतीत, बायकांची दुसऱ्या. अशी एक म्हातारी जोडी माझ्यासमोरून परत गेली. काकांना दिसत नाही, मावशी त्यांचा हात सोडायला तयार नव्हत्या. रात्री दहाला दार बंद होते आणि पहारेकऱ्याचे, साफसफाईचे काम करणारे लोक सुटतात बाराला. एकाचा कुत्रा होता. दुसऱ्याला ओळखपत्र मागितले, ते आदल्याच रात्री पिशवीसकट गेले होते. एकजण कुबड्यांवर आला आणि रिकामी होती ती वरच्या मजल्यावरची खाट. त्या रात्री आमच्याकडच्या हजेरीत ‘रिकाम्या खाटा: ३’ अशी नोंद झाली. परत गेलेल्यांसाठी हजेरीत रकानाच नव्हता.

त्या रात्रीनंतर मी एक शाळेची दोनशे पानी वही घेतली. ज्यांना परत पाठवावे लागले त्यांची नोंद मी तिच्यात ठेवते. नाव लिहीत नाही. तारीख, किती वाजता आले, एकटे की कोणाबरोबर, बाई की पुरुष, अंदाजे वय, आणि का घेता आले नाही. ‘जागा नाही’, ‘उशीर’, ‘जोडपे’, ‘जिना’, ‘कागद नाही’. पहिल्या महिन्यात मला वाटत होते की ‘जागा नाही’ हेच सगळ्यात जास्त भरेल. तसे झाले नाही. ‘उशीर’ त्याच्या बरोबरीने आला. म्हणजे एक खाटही न वाढवता, फक्त दार तीन तास उशिरा लावले असते तरी त्यातली कितीतरी माणसे आत झोपली असती. हे मला नऊ वर्षांच्या मोजणीने सांगितले नव्हते, एका वहीने एका महिन्यात सांगितले. एका गुरुवारी मी सातजणांना परत पाठवले. सातवा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा होता. मी नाही म्हटल्यावर त्याने विचारले, “मग इथे पायरीवर बसू का? आत नको, नुसतं उजेडात.” मी हो म्हटले. नियमात ते बसत होते की नाही हे मला आजही माहीत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक निवाऱ्यात ही वही सक्तीची करा. वर्षाच्या मोजणीच्या आकड्याशेजारी दर महिन्याला परत पाठवलेल्यांचा आकडा आणि कारणे छापा, आणि खाटा किती, दार किती वाजेपर्यंत उघडे, जोडप्यांची सोय हवी की नको, हे त्यावरून ठरवा. निवाऱ्याची गरज किती आहे हे सांगणारा माणूस स्वतः चालत दारापर्यंत येतो. त्याला शोधायला टॉर्च लागत नाही. आपण फक्त तो परत गेला हे लिहून ठेवत नाही.

रात्रीची मोजणी बंद करा असे मी म्हणत नाही. ती हवी. दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने केली तर कल कळतो, आणि त्या रात्री वर्षातून एकदा तरी कोणीतरी या माणसांकडे मुद्दाम पाहायला बाहेर पडते. पण तिच्यात भेटलेल्या माणसाला नुसती रेघ म्हणून नोंदवून पुढे जाणे मला दरवर्षी जड जाते. काही शहरांनी याला पर्याय काढला आहे: रस्त्यावरच्या प्रत्येकाची, त्याच्या संमतीने, नावानिशी यादी ठेवायची, तब्येत काय, गरज काय हे लिहायचे आणि तो घरात जाईपर्यंत ती यादी दर आठवड्याला हाताळायची. अमेरिकेत आणि कॅनडात काही ठिकाणी ही पद्धत चालते. अशी यादी केली की संख्या आपोआप कळतेच. मात्र ती पोलिसांच्या किंवा हाकलून लावणाऱ्यांच्या हाती पडणार नाही याची हमी आधी द्यायला हवी. नाहीतर माणसे खोटी नावे सांगतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

खाटा मोजणीवर ठरवायच्या नाहीत तर कशावर, असे विचारणाऱ्यांसाठी उत्तर आपल्याच देशात कागदावर तयार आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेत शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या कायम निवाऱ्याची सोय असावी असे प्रमाण घालून दिले होते. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० मधले आदेश आहेत: लाखामागे एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास उघडा. हे प्रमाण पुरेसे आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण ते लोकसंख्येवरून काढले आहे, आमच्यासारख्यांनी एका रात्रीत टॉर्चच्या उजेडात काय पाहिले यावरून नव्हे. हे मला फार शहाणपणाचे वाटते. ‘चोवीस तास’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. आमच्याकडे सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दिवसा कुठे झोपायचे? तापाने फणफणलेल्याने कुठे जायचे?

न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली रॉबर्ट हेज नावाच्या एका तरुण वकिलाने रस्त्यावर राहणाऱ्या पुरुषांच्या वतीने दावा लावला. मागणी एवढीच, की जो निवारा मागेल त्याला तो द्या. १९८१ मध्ये शहराने करार करून गरजू बेघर पुरुषांपुरते ते मान्य केले. ज्या रॉबर्ट कॅलहन यांच्या नावाने तो दावा ओळखला जातो, ते करार होण्याआधीच रस्त्यावर वारले. त्या मूळ मागणीत एक गोष्ट गृहीत होती, जी मला आमच्या दाराशी रोज हवीशी वाटते: समोर उभा असलेला माणूस निवारा मागतो आहे, एवढाच पुरावा पुरे.

खाटा कमी करण्याच्या मी कायमच विरोधात आहे असे कोणी समजू नये. हेलसिंकीत १९८५ मध्ये निवारे आणि वसतिगृहे मिळून २,१२१ खाटा होत्या, २०१६ मध्ये ५२ उरल्या. इतक्या कमी झाल्या तरी माणसे रस्त्यावर आली नाहीत, कारण फिनलंडने क्रम वेगळा ठेवला. आधी भाडेकराराची स्वतःच्या नावाची छोटी घरे दिली, २००८ पासून तर देशाचे धोरण म्हणून. जुन्या वसतिगृहांच्याच इमारतींत भिंती घालून सदनिका केल्या. व्यसन सोड, मग घर, अशी अट घातली नाही. माणसे खाटेवरून घरात गेली तेव्हा खाट काढली. आणि तिथे मोजतानाही नातेवाइकांकडे, मित्रांकडे तात्पुरते राहणाऱ्यांना बेघरांत धरतात, त्यामुळे आकडा कमी झाला तर तो बऱ्याच अंशी खरोखर कमी झालेला असतो. आपल्याकडे अशी घरे तयार झाली की माझी गुरुवारची खुर्ची मी आनंदाने उचलून ठेवीन.

तोवर आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वर्षी मोजणीचा आकडा आला की तो छापण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती भाग प्रत्यक्ष फिरून मोजला आणि किती ठिकाणी नुसता अंदाज धरला? त्याच रात्री निवाऱ्यात किती माणसे होती? आणि निवाऱ्याच्या दारातून किती परत गेली? तिसऱ्याचे उत्तर आज कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही. माझ्या वहीत निदान गुरुवारांचे आहे. नावे नसल्यामुळे ती कोणालाही दाखवायला माझी हरकत नाही. आपल्या कार्यालयात आणून देईन. चालणाऱ्या त्या बाईची नोंद मी शेवटच्या पानावर वेगळी करून ठेवली आहे. ती आमच्या दाराशी अजून आलेली नाही.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका